नाताळ ते ३१ डिसेंबर: कुत्रा दरवर्षी का बिथरतो आणि त्यावर काय करायचं

डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला की पुण्यातल्या कुत्री पाळणाऱ्या घरांतून त्याच त्या तक्रारी ऐकू येतात. एरवी वाडगा चाटूनपुसून साफ करणारा कुत्रा जेवणाकडे ढुंकूनही बघत नाही. चांगला मोठा, शिकवलेला लॅब्रॅडॉर अचानक हॉलमध्ये शू करून ठेवतो. कोणी पाहुण्यांच्या मुलावर गुरगुरतो, कोणी रात्रभर दारावर ओरखडे काढतो. ३१ तारखेच्या मध्यरात्री कुणाचा तरी कुत्रा पट्ट्यातून मान काढून पळतो आणि १ जानेवारीला दिवसभर त्याचा फोटो सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत राहतो.

आपण या सगळ्याचं खापर फटाक्यांवर फोडून मोकळे होतो. फटाके त्रास देतातच, पण ते सगळ्यात शेवटी येतात. त्याआधीचे आठ-दहा दिवस कुत्र्याचं सगळं वेळापत्रक विस्कटलेलं असतं. मुलांना शाळेची सुट्टी लागलेली असते, घर उशिरा उठतं, सकाळची फेरी साडेसहाची साडेनऊवर जाते. बेल सारखी वाजते, सोफ्यावर अनोळखी माणसं बसतात, रात्री दिवे उशिरापर्यंत चालू राहतात आणि दुपारची झोप मोडते. दूध उतू जातं शेवटच्या मिनिटाला, पण गॅस बराच वेळ चालू असतो, तसंच हे आहे. घाबरलेल्या किंवा दमलेल्या कुत्र्याचं शरीर पुन्हा शांत व्हायला कधीकधी एक-दोन दिवस लागतात. तेवढ्यात दुसरा धक्का बसला, तर तो पहिल्यावर चढतो.

म्हणून ३१ च्या रात्रीचा बंदोबस्त २० तारखेपासून सुरू करायचा. फक्त त्या रात्रीपुरती धावपळ करणाऱ्या घरांत दरवर्षी तेच घडताना मी पाहत आले आहे.

आधी नेमकं काय बिघडलंय ते बघा

उपाय शोधण्याआधी त्रास कुठल्या दिवशी आणि कुठल्या वेळी सुरू होतो ते लिहून काढा. मोबाइलमध्ये चार ओळी टिपल्या तरी पुरे.

त्रास २४ तारखेच्या आधीच, पाहुणे यायला लागल्यावर सुरू झाला असेल, तर मूळ घरातल्या वर्दळीत आहे. फक्त अंधार पडल्यावर होत असेल, तर आवाजाकडे बघा. तुम्ही बाहेर गेल्यावरच होत असेल, तर एकटेपणाकडे. एका जेवणानंतर उलट्या-जुलाब लागले असतील, तर आधी पोटाकडे बघा, कारण त्यात वेळ घालवून चालत नाही. आणि म्हातारा कुत्रा या दिवसांत चिडका होत असेल, तर थंडीने सांधे दुखत नाहीत ना, ते तपासून घ्या. पुण्यात डिसेंबरच्या रात्री पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. थंड फरशीवर झोपणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या कुत्र्याला ते चांगलंच जाणवतं. पोत्यावर जुनी गोधडी दुपटून घातली, तरी अशा कुत्र्याच्या वागण्यात फरक पडलेला मी पाहिला आहे.

भीतीची सुरुवातीची लक्षणं ओळखायला शिकणं फार महत्त्वाचं आहे, कारण ती इतकी बारीक असतात की नजरेतून सुटतात. आमची देशी कुत्री तांबी घाबरायला लागली की आधी नुसती नाकावरून जीभ फिरवते, समोर खायला काही नसताना. मग जांभई देते. मग मान दुसरीकडे वळवते, पण डोळे तिथेच ठेवते, त्यामुळे डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसायला लागतो. धापा टाकणं, थरथरणं, शेपूट पायांत घालणं हे सगळं त्यानंतर येतं. पहिल्या तीन खुणा दिसल्या की लगेच तिला आतल्या खोलीत नेलं, तर पुढचं बहुतेक टळतं.

घरात पाहुणे आणि मुलं आली की गुरगुरतो

गुरगुरण्याबद्दल कुत्र्याला ओरडू नका, हे मी आधीच सांगून ठेवते. गुरगुर म्हणजे 'मला हे सहन होत नाहीये, लांब व्हा' असं तो सांगतोय. त्याबद्दल मार किंवा ओरडा मिळाला, तर तो गुरगुरणं सोडतो आणि पुढच्या वेळी थेट चावतो. गुरगुरला की मुलाला शांतपणे बाजूला घ्या, कुत्र्याला बाहेर पडायला वाट द्या, आणि तो कशामुळे वैतागला ते बघा. बहुतेकदा कोणीतरी तो झोपलेला असताना किंवा खात असताना त्याच्या अंगावर ओणवं झालेलं असतं, नाहीतर गळ्यात पडलेलं असतं. मुलं प्रेमाने मिठी मारतात, पण कुत्र्याला ती पकड वाटते.

पाहुण्यांना दारातच तीन गोष्टी सांगायच्या: त्याच्याकडे एकटक बघू नका, त्याला हात लावायला जाऊ नका, आणि खायला काहीही देऊ नका. तो आपणहून आला, हुंगून गेला, तर ठीक. वयाने मोठ्या माणसांना असं सांगणं जड जातं, हे खरं आहे. 'एवढासा तुकडा दिला तर काय होतंय गं?' असं आत्या म्हणतेच. अशा वेळी तिच्या हातात आपणच काहीतरी द्यावं, हा उपाय मला सगळ्यात चांगला वाटतो: 'आत्या, केक नको, हे उकडलेल्या गाजराचे तुकडे द्या, त्याला फार आवडतात.' तिचीही हौस भागते आणि कुत्र्याचंही पोट सुखरूप राहतं.

घरात एक जागा फक्त कुत्र्याची ठेवा, जिथे पाहुणे जाणार नाहीत, मुलं तर नाहीच नाहीत. आतली बेडरूम चालेल, बाल्कनी मात्र नको. बाल्कनीत आवाज जास्त येतो आणि घाबरलेला कुत्रा कठड्यावरून उडी मारू शकतो. या जागेची सवय पाहुणे यायच्या आधी आठवडाभर लावायची. रोज तिथेच जेवण द्या, तिथेच चघळायचं खेळणं द्या, दार उघडं ठेवा. ऐन वेळी ओढत नेऊन आत कोंडलं, तर ती जागा त्याला शिक्षा वाटते आणि तो दार खरवडतो.

फेरीची आणि जेवणाची वेळ सुट्टीतही बदलू नका. घरातल्या कुणा एकाला तरी नेहमीच्या वेळी उठावं लागेल, त्याला इलाज नाही. या एका गोष्टीने सणाच्या दिवसांतला अर्धा त्रास कमी होतो, असं माझं मत आहे.

आता सांताक्लॉजबद्दल. हल्ली बऱ्याच सोसायट्यांत २४ किंवा २५ तारखेला संध्याकाळी कोणीतरी लाल झगा, कापसाची दाढी आणि मुखवटा घालून, घंटा वाजवत घरोघरी भेटवस्तू वाटतं. कुत्र्याच्या दृष्टीने हे म्हणजे चेहरा नसलेला एक मोठा प्राणी आवाज करत दारात येणं. रोज ज्या शेजारच्या काकांना तो शेपूट हलवून भेटतो, त्यांनाच त्या वेषात तो ओळखत नाही. भेटवस्तू वाटणाऱ्यांच्या यादीत आपल्या फ्लॅटसमोर 'कुत्रा आहे, घंटा वाजवू नये, फोन करावा' एवढं लिहून ठेवायला सांगा. कॅरोल गाणारी मंडळी येणार असतील, तर त्यांची वेळ विचारून घ्या आणि त्या वेळी कुत्र्याला आतल्या खोलीत ठेवा, नाहीतर गाडीत घालून कुठेतरी मोकळ्या जागी फिरवून आणा.

ख्रिस्ती घरांत आणखी एक अडचण असते. २४ च्या रात्री सगळं कुटुंब मध्यरात्रीच्या मिस्सेला किंवा उपासनेला जातं आणि कुत्रा कधी नव्हे तो रात्री अकरा ते एक एकटा राहतो. ज्याला दिवसा एकटं राहायची सवय आहे, तोही रात्री गडबडतो. आधीच्या आठवड्यात दोन-तीन रात्री त्याच वेळी थोडा वेळ घराबाहेर पडून बघा, आधी पाच मिनिटं, मग वीस, मग पाऊण तास. जाताना एक दिवा चालू ठेवा आणि गुंतून राहील असं काहीतरी चघळायला द्या.

केक, चॉकलेट, मटण: पोटात काय गेलं?

सणात कुत्र्याच्या जिवाला खरा धोका इथे असतो, म्हणून हा भाग नीट वाचा.

प्लम केक हा सगळ्यात वाईट. त्यात मनुके आणि बेदाणे असतात, आणि द्राक्षांच्या कुठल्याही रूपाने कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. 'इतके चालतात, इतके नाही' असा सुरक्षित आकडा नाही. एखादा कुत्रा मूठभर खाऊन धडधाकट राहतो, दुसरा थोडक्यात गंभीर आजारी पडतो. पहिल्या दिवसभरात उलट्या होतात, कुत्रा मलूल पडतो, आणि किडनी बिघडल्याचं एक ते तीन दिवसांत दिसू लागतं. तोवर थांबलात, तर उपचाराची सोपी वेळ निघून गेलेली असते. २०२१ पासून पशुवैद्यकांचा संशय द्राक्षांतल्या टार्टारिक आम्लावर आहे. हेच आम्ल चिंचेतही असतं, त्यामुळे चिंच-गुळाची आमटी भातावर कालवून कुत्र्याला घालायची सवय असेल, तर तीही सोडा. काही केकमध्ये रममध्ये मुरवलेला सुका मेवा असतो, म्हणजे वर दारूही आली.

चॉकलेटमधलं थिओब्रोमीन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं. चॉकलेट जितकं गडद आणि कडू, तितकं वाईट. दहा किलोच्या कुत्र्याला साधारण १०० ग्रॅम मिल्क चॉकलेट त्रास द्यायला पुरतं. डार्क चॉकलेट असेल तर ४० ग्रॅमच्या आसपास, आणि बेकिंगच्या कोको पावडरीचे दहाएक ग्रॅमही खूप झाले. घरी केक करताना कोकोचा डबा ओट्यावर उघडा राहतो, तो आधी उचला. लक्षणं यायला सहा ते बारा तास लागू शकतात: तहान, उलट्या, अस्वस्थपणा, छातीची धडधड, जास्त झालं तर झटके. म्हणून 'खाल्लं पण काही झालं नाही' असं तासाभरात ठरवू नका.

झायलिटॉल हे साखरेऐवजी वापरतात ते गोड द्रव्य. शुगर-फ्री च्युइंगगम, काही टूथपेस्ट, काही पीनट बटर यांत ते असतं आणि पाकिटावर 'ई९६७' असंही लिहिलेलं असतं. कुत्र्याच्या रक्तातली साखर ते अर्ध्या-एक तासात धोकादायक पातळीवर आणतं, मात्रा जास्त असेल तर यकृतही बिघडवतं. पाहुण्यांच्या पर्स आणि बॅगा खाली जमिनीवर असतात आणि गम त्यातच असतं. बॅगा कपाटावर ठेवायची जागा करा. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्याही त्याच बॅगांत असतात.

मटण-चिकनची शिजलेली हाडं फुटून त्यांची टोकं आतड्यात रुततात. बिर्याणी आणि रश्शातला कांदा-लसूण तांबड्या रक्तपेशी मोडतो, त्याची लक्षणं काही दिवसांनी येतात, तेव्हा कुणाला त्या बिर्याणीची आठवणही राहत नाही. आणि फराळ! नाताळला आपल्याकडच्या अनेक ख्रिस्ती घरांत करंज्या, शंकरपाळे, चकल्या होतात. हे सगळं तळकट. एकदम जास्त तेलकट पोटात गेलं की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. कुत्रा पुन्हा पुन्हा ओकतो, पुढचे पाय टेकवून मागचा भाग वर करून उभा राहतो, पोटाला हात लावू देत नाही. हे दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका.

खाल्लं असेल तर काय करायचं: काय खाल्लं, साधारण किती, किती वाजता, आणि कुत्र्याचं वजन किती, या चार गोष्टी घेऊन लगेच डॉक्टरांना फोन. पाकीट किंवा उरलेला तुकडा बरोबर न्या. उलटी काढायची असेल तर ती साधारण पहिल्या दोन तासांतच उपयोगाची असते, आणि काढायची की नाही हे डॉक्टरच ठरवतील. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा जुना उपाय करू नका, त्याने रक्तातलं मीठ वाढून कुत्रा दगावू शकतो. बॅटरी, टोकदार वस्तू किंवा फिनाइलसारखं काही पोटात गेलं असेल, तर घरी उलटी काढायचीच नाही.

रात्री उघडा असणारा प्राण्यांचा दवाखाना कुठला, हे २० तारखेलाच शोधा. फोन करून विचारा की २५ ला आणि ३१ ला रात्री डॉक्टर प्रत्यक्ष हजर असतात का. नुसत्या पाटीवर '२४ तास' लिहिलेलं असणं पुरेसं नाही. रस्ताही बघून ठेवा. ३१ च्या संध्याकाळी एम. जी. रोड आणि एफ. सी. रोडच्या परिसरात गर्दीमुळे बहुतेक वर्षी वाहतुकीत बदल असतात आणि कॅम्पातून पलीकडे जायला अर्धा-पाऊण तास सहज मोडतो.

सजावट

यात फार काही नाही, पण चकचकीत झिरमिळ्या आणि रिबिनी कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर लावू नका. लांब दोरा गिळला की आतडं त्याच्यावर गोळा होतं आणि ऑपरेशन करावं लागतं. शेपटीकडून दोरा बाहेर लोंबताना दिसला तर ओढू नका, डॉक्टरांकडे जा. ख्रिस्तजन्माच्या देखाव्यात दिव्यांसाठी नाण्यासारख्या चपट्या बॅटऱ्या वापरतात, त्या गिळल्या तर काही तासांत अन्ननलिका भाजते. पिल्लू असेल तर दिव्यांच्या माळांच्या वायरी फर्निचरच्या मागून घ्या. काचेचे गोळे नाताळच्या झाडाच्या वरच्या फांद्यांवर, खाली कापडी किंवा कागदी. लाल पानांच्या पॉइनसेटियाची भीती मात्र जरा जास्तच पसरली आहे. त्याने तोंड खवखवतं, उलटी होऊ शकते, जिवावर बेतणं दुर्मीळ.

फटाके आणि ३१ ची रात्र

सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात नाताळच्या आणि नववर्षाच्या रात्री फटाक्यांसाठी ११.५५ ते १२.३० एवढीच वेळ ठेवली. प्रत्यक्षात नऊ-साडेनऊपासून तुरळक सुतळी बॉम्ब सुरू होतात आणि बाराच्या ठोक्याला चहूबाजूंनी एकदम भडका उडतो. आपली तयारी या दोन्ही वेळा धरून करायची.

कुत्र्याला साधारण ४५ हजार हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, आपल्याला २० हजारांपर्यंत. रॉकेटची जी शीळ आपल्याला जेमतेम ऐकू येते, ती त्याला कानात शिरल्यासारखी वाटत असणार. शिवाय हा आवाज कुठून आला, पुढचा कधी येणार, हे त्याला कळायला काही मार्ग नसतो.

त्या दिवशी मोठी फेरी दुपारी चार-पाचच्या आत उरका. जमलं तर नेहमीपेक्षा लांब, हुंगायला भरपूर वेळ देऊन. वेताळ टेकडीसारखी जागा जवळ असेल तर उत्तम, पण पट्टा सोडायचा नाही. जेवण सातच्या आत द्या. घाबरलेला कुत्रा खात नाही, आणि पोट भरलेलं असेल तर झोप लागायची शक्यता वाढते. शेवटची शू साडेआठच्या आत, तीही गळ्यातला पट्टा आणि हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) दोन्ही लावून.

खोली तयार करताना खिडक्या बंद करा, जाड पडदे ओढा, सापडतील तेवढ्या चादरी-गोधड्या खिडकीकडच्या भिंतीला लावा. दिवा चालू ठेवा, म्हणजे बाहेरचे लखलखाट उठून दिसत नाहीत. पंखा किंवा कूलर मोठ्या वेगावर ठेवला की त्याच्या एकसुरी घरघरीत बारीक आवाज विरून जातात. त्याला बाथरूममध्ये किंवा पलंगाखाली दडायचं असेल तर दडू द्या, बाहेर ओढू नका. घरातला मधला पॅसेज किंवा बाथरूम, जिथे बाहेरची भिंत नाही, ती जागा तो बरोबर शोधून काढतो.

'घाबरल्यावर जवळ घेतलं की भीती वाढते' हा समज पुण्यातल्या घराघरांत आहे आणि त्यापायी कितीतरी कुत्री त्या रात्री एकटी थरथरत बसतात. भीती ही भावना आहे, बक्षीस देऊन ती वाढत नाही. तो जवळ आला तर कुशीत घ्या, पाठीवरून सावकाश लांब हात फिरवा, हळू आवाजात बोला. त्याला लांब राहायचं असेल तर मागे लागू नका. आपण मात्र घाबरून 'अरे बापरे' करत खिडकीकडे धावायचं नाही.

प्रत्येक मोठ्या आवाजानंतर, एक-दोन सेकंदांच्या आत, त्याला अत्यंत आवडीचं काहीतरी द्या. उकडलेलं चिकन, पनीरचा तुकडा. आधी आवाज, मग खाऊ, हा क्रम चुकवायचा नाही. बर्न विद्यापीठातल्या श्टेफनी रीमर यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १,२२५ कुत्रेमालकांना काय उपयोगी पडलं ते विचारलं होतं. हा उपाय करणाऱ्यांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त लोकांनी त्याचा गुण आल्याचं सांगितलं. कुत्रा इतका घाबरला असेल की चिकनकडेही बघत नाही, तर हा उपाय त्याच्यासाठी उशिरा सुरू झाला आहे, त्याला औषधाची गरज आहे.

औषधाबद्दल संकोच बाळगू नका. जो कुत्रा दरवर्षी दात तुटेपर्यंत दार चावतो, त्याला 'होईल सवय' म्हणत तसंच ठेवणं मला क्रूर वाटतं. अशी सवय होत नाही, भीती दरवर्षी वाढत जाते. डॉक्टर ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन यांसारखी औषधं देतात. ती आवाज सुरू व्हायच्या साधारण दोन तास आधी द्यावी लागतात, म्हणजे साडेनऊच्या पहिल्या बॉम्बसाठी साडेसातला. पण ३१ ला सकाळी दवाखान्यात धावून उपयोग नाही. २० तारखेच्या सुमारास डॉक्टरांना भेटा, आणि एका शांत संध्याकाळी त्यांच्या सल्ल्याने एक डोस देऊन बघा. काही कुत्री शांत होण्याऐवजी उलट चळवळी होतात, ते आधी कळलेलं बरं. डॉक्टरांनी नुसतं एसप्रोमाझीन लिहून दिलं, तर भीतीवर दुसरं काही देता येईल का, हे जरूर विचारा. त्याने अंग सुस्त पडतं, मनातली भीती तशीच राहते, फक्त ती दाखवता येत नाही.

माणसांची झोपेची गोळी, पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन यांतलं काहीही आपल्या मनाने द्यायचं नाही. चमचाभर ब्रँडी पाजून कुत्रा झोपवायचा प्रकार अजूनही ऐकू येतो. दारू त्याच्यासाठी विषच आहे, ती देऊ नका.

सोसायटीत डीजे लागणार असेल, तर समितीशी आधीच बोला. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकावर बंदी आहे, आणि राज्य सरकार वर्षातल्या मोजक्या दिवशी ती मर्यादा बारापर्यंत वाढवू शकतं. ३१ ला तशी सवलत बहुधा असते, त्यामुळे भांडण्यापेक्षा स्पीकरची तोंडं इमारतीकडे न करता बाहेर करायला सांगणं जास्त उपयोगी पडतं. बारानंतरही चालूच राहिलं, तर ११२ आहे.

पळून गेला तर

पळणारा कुत्रा बहुतेकदा दार उघडल्याच्या एका क्षणात सटकतो, पाहुण्यांना निरोप देताना किंवा पार्सल घेताना. त्या रात्री आतल्या खोलीचं दार बंद असल्याशिवाय मुख्य दार उघडायचं नाही, हा नियम घरातल्या प्रत्येकाला सांगा. पट्ट्यावर फोन नंबर कोरलेला बिल्ला लावा. कातडीखाली बसवलेली ओळखीची मायक्रोचिप असेल तर चांगलंच, पण ती वाचायला यंत्र लागतं. बिल्ला तर कोपऱ्यावरचा पानवालाही वाचतो.

गेलाच, तर मागे धावू नका आणि हाका मारत सुटू नका. घाबरलेल्या कुत्र्याला पाठलाग करणारा माणूस कोण आहे, ते कळत नाही. तो दिसला तर तिरके खाली बसा, नजर खाली ठेवा, खाऊची पिशवी वाजवा. दिसत नसेल तर आधी जवळ शोधा: पार्किंगमधल्या गाड्यांखाली, बेसमेंटच्या कोपऱ्यात, जनरेटरच्या मागे, शेजारच्या अर्धवट बांधकामात. सगळ्यात चांगली वेळ पहाटे चार ते सहा, जेव्हा रस्ते शांत होतात आणि तो दडलेल्या जागेतून बाहेर पडतो. घरातला न धुतलेला टी-शर्ट शेवटी दिसला त्या जागी ठेवा. आणि वॉचमन, दूधवाले, पेपरवाले, 'स्वच्छ' संस्थेच्या कचरा गोळा करणाऱ्या ताई, या सगळ्यांना फोटो दाखवा. पहाटे गल्ली न गल्ली पालथी घालणारी माणसं तीच असतात.

बाहेरगावी जायचं असेल

कुत्र्यांच्या बोर्डिंगमध्ये ठेवणार असाल, तर नुसते फोटो बघून ठरवू नका, जाऊन बघा. रात्री माणूस तिथे झोपतो का, भांडखोर कुत्री वेगळी ठेवतात का, ३१ ला आजूबाजूला फार्महाउसवर पार्ट्या होतात का, हे विचारा. शहराबाहेरच्या बोर्डिंगांच्या शेजारीच ती फार्महाउसं असतात, आणि शांततेसाठी म्हणून तिकडे ठेवलेल्या कुत्र्याच्या कानाशी रात्रभर फटाक्यांचे शॉट्स वाजतात. रेबीजची लस, सात-इन-वनसारखी (अनेक आजारांवरची एकत्र) लस आणि केनल कफची (कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची) लस जायच्या किमान दोन आठवडे आधी दिलेली हवी. आधी एक रात्र ठेवून बघा. त्याचं नेहमीचं अन्न, अंथरूण आणि डॉक्टरांचा नंबर बरोबर द्या, आणि गोचिडांवरचं औषध वेळेत लावा.

शक्य असेल तर ओळखीच्या माणसाला आपल्याच घरी राहायला बोलवावं, असं मला वाटतं, विशेषतः म्हातारा किंवा भित्रा कुत्रा असेल तर.

गाडीतून नेणार असाल, तर निघण्याआधी तीन-चार तास खायला देऊ नका आणि हार्नेसला सीटबेल्टची पट्टी जोडा. नाताळच्या शनिवार-रविवारी खंबाटकीला आणि एक्सप्रेसवेच्या घाटात गाड्या तासन्‌तास अडकतात. पाणी आणि जुनं टॉवेल हाताशी ठेवा, आणि अडकल्यावर 'जरा पाय मोकळे करू दे' म्हणून घाटात दार उघडण्याआधी पट्टा हातात आहे ना, ते बघा.

गेटबाहेरची कुत्री

सोसायटीतल्या, गल्लीतल्या कुत्र्यांना आतली खोली नसते. ३१ ला त्यांना नेहमीपेक्षा लवकर, अंधार पडायच्या आत खायला घाला, आणि फटाके वाजतील त्या जागेपासून लांब घाला. वॉचमनला सांगून रात्रीपुरता पार्किंगचा एक कोपरा किंवा जिन्याखालची जागा मोकळी ठेवता आली, पोतं टाकता आलं, तर ती आपोआप तिथे येतात. त्या रात्री त्यांना हाकलू नका. बिथरलेलं कुत्रं रस्त्यावर धावलं की त्याचाही जीव जातो आणि दुचाकीवाल्याचाही.

कुणाला चावा बसलाच, मग तो घरच्या लस दिलेल्या कुत्र्याचा का असेना, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. हळद, चुना, तिखट लावू नका.

एवढं करूनही फरक पडला नाही तर

२-३ जानेवारीपर्यंत कुत्रा जेवत नसेल, दिवसाही दडून बसत असेल किंवा साध्या टाळीने दचकत असेल, तर पुन्हा डॉक्टरांकडे न्या. आवाजाची भीती अचानक वाढलेल्या कुत्र्यांत कधीकधी मूळ कारण दुखणं असतं, कान, सांधे, दात. ते आधी तपासायला सांगा.

आवाजाची सवय लावायची असेल, तर ती जानेवारीतच सुरू करायची. पावसाळ्यात नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो, त्याआधीचे महिने आपल्या हातात असतात. फटाक्यांच्या आवाजाची ध्वनिफीत इतक्या बारीक आवाजात लावा की तांबीसारखा भित्रा जीवसुद्धा फक्त एक कान वळवेल आणि पुन्हा झोपेल. त्या वेळी चिकनचा तुकडा द्या. पाच मिनिटं झाली की बंद करा. आठवडाभर तेवढाच आवाज ठेवा. कान वळवणंही थांबलं, तरच आवाज एका टप्प्याने वाढवा. नाकावरून जीभ फिरवली, की आवाज दोन टप्पे कमी करा आणि पुन्हा तिथून सुरू करा.